पिल्लाने तीन दिवस शी केलेली नाही, काय करू? (मांजरीची अनाथ पिल्लं)

रानजाई | गुरुवार, रात्री ११.१०

घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. आम्ही चिपळूणजवळ राहतो. न्हाणीघरामागे बंबासाठी लाकडं रचलेली असतात, त्यांच्या आडोशाला एका भटक्या मांजरीने तीन पिल्लं घातली होती. गेल्या शनिवारपासून ती आलीच नाही. रविवारी दुपारपर्यंत वाट पाहिली. पिल्लं आधी खूप रडत होती, मग गप्प झाली. ती गप्प झाल्यावर मला राहवेना, घरात आणली. डोळे उघडलेत, निळसर आहेत. कान अजून पुरते उभे नाहीत. दोघं लटपटत चार पावलं टाकतात.

मुलीने नावं ठेवलीत: बुंदी, जायफळ आणि लवंग. लवंग सगळ्यांत लहान, काळी.

रविवारी गाईचं दूध पाणी घालून दिलं, तिघांनाही पातळ शी लागली. सोमवारी भाऊ रत्नागिरीहून पिल्लांच्या दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन आला. तेव्हापासून तेच, सुई काढलेल्या सिरिंजने. बुंदी आणि जायफळचं ठीक चाललंय. लवंगने सोमवारी संध्याकाळनंतर शी केलेली नाही. शू करते. आजपासून दूध पण कमी घेतेय, दोन घोट घेतले की तोंड फिरवते. पोट फुगल्यासारखं वाटतंय.

इथले डॉक्टर गुरांचे आहेत, सकाळी नऊला भेटतील. बाहेर धो धो पाऊस आहे. सासूबाई म्हणतात पोटाला हिंग लावून बघ. लावू का? रात्रभरात काय करता येईल?

---

पारिजात | गुरुवार, रात्री ११.२२

रानजाई, घाबरू नकोस, इथे रात्री जागणारे बरेच जण आहेत. हिंग राहू दे. पिल्लं एकमेकांना आणि स्वतःला चाटतात, कातडीही फार कोवळी असते.

पटापट सांग: तिघांची वजनं किती? स्वयंपाकघरातला काटा असेल तर त्यावर वाटी ठेवून कर. लवंगचे पंजे आणि तोंडाची आतली बाजू हाताला गार लागते का? पावडर किती पाण्यात किती कालवतेस? आणि शू-शी करवताना नेमकं काय करतेस? उलटी झाली का?

---

बकुळा | गुरुवार, रात्री ११.२५

आमच्या माहेरी मांजरं नेहमीच असत. शी नाही झाली की आई एरंडेलाचं बोट चाटवायची. नाहीतर बाळघुटीतला हरड्याचा एक वेढा उगाळून दे. तान्ह्या बाळाला चालतं ते पिल्लालाही चालेल. साबणाची बारीक कांडी करूनही लावतात.

---

निरगुडी | गुरुवार, रात्री ११.४१

मी पशुवैद्य आहे, पुण्यात कुत्र्या-मांजरांचाच दवाखाना चालवते. रानजाईताई, बकुळाताईंनी मायेने सांगितलंय, पण यातलं काहीच करू नका. एरंडेलाने आतडं पिळवटून निघतं आणि दोनशे ग्रॅमच्या जिवाच्या अंगात आधीच थोडं असलेलं पाणी बाहेर जातं. साबणाने गुदद्वाराच्या आतलं अस्तर भाजतं. घुटी, ग्राईप वॉटर, लहान मुलांची बद्धकोष्ठाची औषधं, काहीच नको. आणि कुणी घरात 'एनिमा आणून दे' म्हणालं तर ते तर मुळीच नको. माणसांसाठी मिळणाऱ्या फॉस्फेटच्या एनिमाने मोठं मांजरही दगावतं.

आता कारण समजून घ्या, म्हणजे रात्री काय करायचं ते आपोआप कळेल.

साधारण तीन आठवड्यांपर्यंत मांजरीच्या पिल्लाला आपणहून शू-शी करता येत नाही. आई दर दुधाच्या वेळी त्याची मागची बाजू चाटते, त्या स्पर्शाने आतडं आणि मूत्राशय हलतं. जे येतं ते आई खाऊन टाकते, म्हणूनच बाळंतघर स्वच्छ दिसतं. आई नसेल तर ते काम आपल्या हातांनी करायचं. तुमच्या वर्णनावरून पिल्लं दोन-अडीच आठवड्यांची आहेत, म्हणजे अजून तुमच्यावरच अवलंबून.

सिरिंजवर वाढणाऱ्या पिल्लाची शी मोहरीच्या चटणीच्या रंगाची आणि टूथपेस्टइतकी घट्ट असते. दिवसातून एकदा झाली तरी पुरे, एखादा दिवस चुकलाही तरी चालतो. तीन दिवस मात्र जास्त झाले, त्यात ती दूध नाकारतेय.

या वयात शी अडकायची कारणं मी दवाखान्यात पुन्हा पुन्हा तीच पाहते. दूध जास्त घट्ट कालवलेलं. अंगात पाणी कमी पडलेलं. पिल्लू गार पडलेलं. शरीर गार झालं की आतडं जवळजवळ थांबतं, दूध पोटात तसंच पडून राहतं, आंबतं, पोट फुगतं. आणि चोळणं अर्धवट राहिलेलं. क्वचित जन्मतःच गुदद्वार नसतं, पण तुमच्या लवंगने सोमवारी शी केलीय, तेव्हा ती शंका नको.

ताप मोजायचं साधं डिजिटल थर्मामीटर घरात असेल तर टोकाला थोडं खोबरेल तेल लावून जेमतेम एक सेंटीमीटर आत धरा आणि आकडा सांगा. दूध तोवर थांबवा.

---

रानजाई | शुक्रवार, रात्री १२.०५

बुंदी २६५, जायफळ २५०, लवंग १९५ ग्रॅम. लवंगचं अंग ३५.८ सेल्सिअस आलं. पंजे गार आहेत. उलटी नाही. पोट फुगलंय पण दाबलं तर दबतं, रडत नाही.

पावडरीचं माप... डब्यावर एकास दोन लिहिलंय. लवंग अशक्त म्हणून मी तिला एकास एक कालवून देत होते. वाटलं, जास्त ताकद येईल.

आणि कापसाने पुसते. शू आली की लगेच कोरडं करून ठेवून देते, तिला गारठा नको म्हणून.

---

निरगुडी | शुक्रवार, रात्री १२.१४

सगळं एका ओळीत आलं बघा: घट्ट दूध, गार अंग, शू झाल्यावर थांबलेलं चोळणं. तुम्ही मायेनेच केलंत हे सगळं आणि हे तिन्ही दुरुस्त होण्यासारखं आहे.

आधी ऊब. या वयाला अंग ३७च्या आसपास हवं. गरम पाण्याची पिशवी पातळ गोधडीत गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या भागात ठेवा. अर्धा भाग मोकळा राहू दे, म्हणजे उकडलं तर पिल्लं बाजूला सरकतील. लवंगला तुमच्या पोटाशी, पदराआड धरलंत तर उत्तमच. शेगडीजवळ, हेअर ड्रायरने, एकदम तापवू नका. तास-दीड तास सावकाश.

अंग ३६.५च्या पुढे गेलं की मगच दूध. पुढची दोन दुधं डब्यावरच्या मापापेक्षा किंचित पातळ करा, त्यानंतर कायम डब्यावरचंच माप. ताकद दुधाच्या घट्टपणाने येत नाही, वेळच्या वेळी पोटात गेल्याने येते. मनगटावर थेंब टाकून बघा, कोमट हवं. एका वेळी १०० ग्रॅम वजनामागे साधारण ४ मिली, म्हणजे लवंगला ७-८ मिलीच्या वर नाही. दिवसातून सहा वेळा. पिल्लू पोटावर, मान किंचित वर, जसं ते आईला पितं तसं. आपल्या बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं.

खालीलपैकी एक जरी दिसलं तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा, ते गुरांचे असले तरी: पोट ढोलासारखं ताणलेलं, हात लावला की रडणं, उलटी, ऊब देऊनही अंग गारच, किंवा बारा तासांत शू नाही.

हिरड्या बोटाने बघा. ओल्या आणि गुलाबी हव्यात. चिकट लागल्या तर पाणी कमी आहे. शूचा रंगही सांगा.

---

रानजाई | शुक्रवार, रात्री १२.२०

शू पिवळी गर्द आहे. बाकीच्या दोघांची जवळजवळ पाण्यासारखी. हे आत्ता नीट पाहिलं. पोटाशी धरून बसलेय तिला.

---

अंगणवेल | शुक्रवार, रात्री १२.३८

निरगुडीताईंनी सांगितलंच आहे. मी चोळण्याबद्दल तेवढं सविस्तर लिहिते, कारण मीही सुरुवातीला पुसणं आणि चोळणं यात गल्लत करायची. आतापर्यंत अकरा पिल्लं सिरिंजवर वाढवलीत.

कापूस सुटतो आणि चिकटतो, त्यापेक्षा जुन्या धोतराचा किंवा मलमलच्या दुपट्याचा हातरुमालाएवढा तुकडा घे. कोमट पाण्यात बुडवून पिळ, ओला राहिला पाहिजे. पिल्लाला डाव्या हातावर पालथं घे, छाती तळहातात आणि मागचे पाय मोकळे लोंबू दे. शेपटी अंगठ्याने वर. आता फडकं उजव्या हाताच्या मधल्या बोटावर गुंडाळून शूच्या जागेपासून शीच्या जागेकडे, छोटे छोटे, भरभर फटकारे. मांजरीची जीभ कशी चालते ते डोळ्यांसमोर आण. पुसायचं नाही, चाटल्यासारखं करायचं.

पहिल्या अर्ध्या मिनिटात शू येते. तिथे थांबायचं नाही, खरं काम पुढे आहे. फडकं पुन्हा कोमट कर आणि आता फक्त शीच्या जागेवर गोल फिरव. एक मिनिट, दोन मिनिटं, वेळ लागतो. मध्येच दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी पोट डावीकडून मागे, शेपटीच्या दिशेला, अगदी हलकं चोळ. पिल्लू पाठ कमानीसारखी करतं, मागचे पाय ताठ करतं, शेपटीचं मूळ थरथरतं. हे दिसलं की शी येतेय असं समज आणि बोट थांबवू नकोस.

दूध पाजण्याआधी एकदा आणि नंतर एकदा कर. पोटात दूध गेलं की आतडं आपोआप जागं होतं, त्यामुळे नंतरच्या वेळी शी येण्याची शक्यता जास्त. जागा लाल दिसायला लागली तर त्या वेळेपुरतं थांब, थोडं खोबरेल लाव.

आणखी एक, हे फार कमी जण सांगतात. आई नसलेली पिल्लं एकमेकांना चोखतात, आणि बरेचदा भावंडाची शूची जागाच चोखतात. ती सुजून शू बंद होऊ शकते. तिघांची तपासणी कर. तसं दिसलं तर दोन दुधांच्या मध्ये वेगवेगळ्या खोक्यांत ठेव.

---

सह्यवाट | शुक्रवार, रात्री १.०२

मी एरवी या विभागात लिहीत नाही. आज लिहितो, कारण हा धागा मला दोन वर्षांपूर्वी वाचायला मिळाला असता तर बरं झालं असतं.

आमचं पिल्लू पाच आठवड्यांचं होतं. दोन दिवस कुंथत होतं, मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचं आणि ओरडायचं. रविवार होता. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात विचारलं, त्यांनी लिक्विड पॅराफिनची (पोट साफ होण्यासाठी देतात त्या तेलाची) बाटली दिली, म्हणाले चमचाभर पाजा, माणसांना देतो तेच. मी पाजलं. त्याने ठसकाही दिला नाही, म्हणून मला वाटलं नीट गिळलं. रात्रीपासून श्वास जोरात चालू झाला, छाती धपापायला लागली. सोमवारी डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तेल फुप्फुसात गेलं होतं. त्याला चव-वास नसल्याने गिळण्याची आणि खोकल्याची क्रियाच नीट होत नाही, ते अलगद श्वासनलिकेत उतरतं, असं त्यांनी सांगितलं. बुधवारी पिल्लू गेलं.

त्याला बद्धकोष्ठ नव्हतंच. जुलाब होऊन मागचे केस वाळलेल्या शीने घट्ट चिकटले होते आणि त्याचं बूच बसलं होतं. मला ते दिसलं नाही, कारण मी शेपटी वर करून पाहिलंच नाही. कोमट पाण्याने भिजवून दहा मिनिटांत मोकळं झालं असतं.

रानजाई, शेपटी वर करून नीट बघा. इतकंच सांगायचं होतं.

---

निरगुडी | शुक्रवार, रात्री १.१५

सह्यवाट, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. मनापासून आभार.

पिल्लू कुंथताना दिसलं की आपण बद्धकोष्ठच धरून चालतो. जुलाबानंतर आतडं चिडलेलं असतानाही पिल्लू तसंच कुंथतं. शू अडली तरी तसंच कुंथतं. म्हणून औषधाआधी शेपटीखाली पाहणं, ट्रेमध्ये काय पडलंय ते पाहणं आणि शू होतेय ना ते पाहणं, हे कुठल्याही पिल्लाच्या बाबतीत पहिलं.

---

रानजाई | शुक्रवार, रात्री १.५०

अंग ३६.९. शेपटीखाली स्वच्छ आहे, सूज नाही. पातळ दूध ६ मिली घेतलं, स्वतः चोखून. तोंड फिरवलं नाही. अंगणवेलने सांगितलं तसं दोन मिनिटं केलं. शू झाली, शी नाही. चारला पुन्हा करते.

---

पारिजात | शुक्रवार, रात्री १.५४

अंग तापलं आणि स्वतःहून चोखलं, अर्धी लढाई झाली. तूही काहीतरी खा. मी जागीच आहे.

---

रानजाई | शुक्रवार, पहाटे ४.३५

झाली!!

चारला ७ मिली पाजलं. मग फडकं घेतलं. पहिल्यांदा काहीच नाही. तीन वेळा फडकं गरम करून आणलं. हात दुखायला लागला होता, आणि तेवढ्यात तिने पाठीची कमान केली, शेपटीचं मूळ थरथरलं, हुबेहूब तसंच. आधी मिरीएवढा एक काळपट टणक खडा आला. तो येताना ती ओरडली, मीही रडले. मी थांबले नाही. त्यामागून आणखी दोन खडे, आणि मग एकदम मऊ, पिवळी, बोटभर लांब. संपतच नव्हती. पोट हाताखाली सैल पडताना कळत होतं.

नंतर तिने मान टाकली म्हणून घाबरले, पण ती झोपली होती. तोंडाने चुटुक चुटुक करत होती झोपेत. सासूबाई उठून बघायला आल्या, त्यांनीच तिला पुसून गोधडीत ठेवलं.

शेवटी वजन केलं, १९४. पण आता पोट रिकामं आहे.

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

---

अंगणवेल | शुक्रवार, सकाळी ६.१०

डोळे उघडताच हा धागा उघडला. लवंगताईंना माझ्याकडून एक हलका हात.

---

निरगुडी | शुक्रवार, सकाळी ७.३०

छान केलंत. तरीही नऊला डॉक्टरांकडे न्याच. जंताचं विचारायचं आहे. मांजरीच्या पिल्लांमध्ये गोल जंत आईच्या दुधातून येतात, त्यामुळे बाहेर न गेलेल्या पिल्लाच्या पोटातही असतात. अंग बारीक, पोट तेवढं गोल, ही त्याची खूण. फार झाले तर त्यांच्या गुंत्यानेच आतडं अडतं. पायरँटेलचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून देता येतं, मग दर दोन आठवड्यांनी. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे काट्यावरचे आकडे कागदावर लिहून न्या. गुरांच्या डॉक्टरांकडे लहान मात्रेचं औषध नसेल तर त्यांना सांगा, मी फोनवर बोलेन, नंबर निरोपातून पाठवते.

वजन रोज एकाच वेळी करा. निरोगी पिल्लू रोज १० ते १५ ग्रॅम वाढतं. शी होण्या-न होण्यापेक्षा काटा आधी सांगतो की काहीतरी बिनसलंय. एक दिवस वाढ नाही तर लक्ष ठेवा, वजन घटलं तर डॉक्टर.

---

चाफेकळी | शुक्रवार, दुपारी १.२०

रानजाई, लवंगसाठी खूप आनंद झाला. याच धाग्यावर विचारते, वेगळा काढत नाही.

आमचा बोका सात आठवड्यांचा. दत्तक आणून आठ दिवस झाले. आधीच्या घरी दूध आणि चिकन होतं, आम्ही पिल्लांचे कोरडे दाणे सुरू केले, आवडीने खातो. पण शी दोन दिवसांआड, बोरासारख्या सुट्या गोळ्या, आणि ट्रेमध्ये खूप वेळ उकरत बसतो. खेळणं-धावणं व्यवस्थित. पाण्याची वाटी दाण्यांशेजारीच आहे, पण तो ढुंकून बघत नाही.

---

निरगुडी | शुक्रवार, रात्री ९.४०

दूध सुटून कोरडं सुरू झालं की हे होतंच. मांजराचे पूर्वज वाळवंटी भागातले, भक्ष्याच्या मांसातूनच पाणी मिळवणारे, त्यामुळे मांजराला तहान लागायला उशीर लागतो. कोरड्या दाण्यांत जेमतेम १० टक्के पाणी असतं, उकडलेलं मांस किंवा पाकिटातलं ओलं खाणं असेल तर ६५-८० टक्के. हा फरक बोका वाटीतून भरून काढत नाही, आणि मोठं आतडं शीतलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतं. जितकी थांबते तितकी वाळते, जितकी वाळते तितकी दुखते, आणि दुखलं की तो अजून रोखून धरतो.

दाणे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, किंवा अर्धं खाणं ओलं करा. चिकन उकडलेलं पाणी वरून घाला. त्यात मीठ, हळद, आणि मुख्य म्हणजे कांदा-लसूण काही नको, कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पाण्याची वाटी खाण्यापासून दूर ठेवा, पसरट घ्या, मिशा काठाला लागल्या की बऱ्याच मांजरांना आवडत नाही. लाल भोपळा वाफवून, गाळून, पाव चमचा जेवणात मिसळा. इसबगोल मनाने देऊ नका. अंगात पाणी कमी असताना ते आत फुगून बसतं.

ट्रेमध्ये काय घातलंय? ओल्याने गठ्ठा होणारी माती असेल तर दोन-तीन महिन्यांचा होईपर्यंत बदला. लहान पिल्लं ती चाटतात, खातात, आणि ती पोटातही गठ्ठाच करते. वर्तमानपत्राच्या पट्ट्या किंवा लाकडाच्या गोळ्या चालतील.

दोन दिवसांत फरक पडला नाही तर दवाखान्यात दाखवा. लॅक्ट्युलोजचं सिरप आम्ही देतो, ते आतड्यात पाणी ओढून घेतं, पण मात्रा वजनावर, आणि आधी पोट हाताने तपासून. लस झाली का त्याची? सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करायची असते.

---

मांडवी | शनिवार, सकाळी १०.१५

पणजीहून. आमच्याकडे मांजर म्हणजे माशांची डोकी आणि शीत (भात), पिढ्यान्‌पिढ्या. माझं तीन महिन्यांचं मांजर बांगड्याचे काटे चावून चावून खायचं, आम्ही कौतुकाने बघायचो. एके दिवशी शी पांढरी, खडूच्या तुकड्यासारखी, आणि सोबत रक्ताचा थेंब. डॉक्टर म्हणाले, हाडं-काटे जास्त झाले की शी अशीच दगडी होते, तिची टोकं आतून ओरखडतात. तेव्हापासून मासा उकडून, बोटांनी चुरून, काटा काढून. आणि नुसतं मासे-भात पुरत नाही म्हणून चिकनचं काळीज-हृदय थोडं थोडं. एका आठवड्यात शी मऊ झाली.

दुसरं: दोरा. आईच्या गजऱ्याचा दोरा पिल्लाने गिळला होता, अर्धा मागून बाहेर लोंबत होता. मी ओढणार होते, बहिणीने हात धरला. आतलं टोक कुठे अडकलेलं असेल तर ओढल्याने आतडं चुण्या पडून कापलं जातं. बाहेरचा भाग तसाच ठेवून रिक्षाने दवाखाना गाठला. संक्रांतीनंतर मांजा, देवघरातल्या वाती, शिवणाचा दोरा, सगळं आता डब्यात बंद असतं.

---

निळाशार | शनिवार, दुपारी ४.०५

आमची सोनी रस्त्यावर सापडली तेव्हा चार महिन्यांची होती, मागच्या पायाने लंगडायची. लंगडणं आपोआप थांबलं, म्हणून आम्ही विसरलो. सहा महिन्यांनी बद्धकोष्ठ सुरू झालं, दर आठवड्याला. खाणं बदललं, भोपळा झाला, सिरप झालं, तात्पुरता आराम. मुंबईत परळला जनावरांच्या मोठ्या रुग्णालयात नेलं, एक्स-रेमध्ये दिसलं की कमरेचं हाड मोडून वाकडं जुळलंय आणि शीची वाटच अरुंद झालीय. वेळेत कळलं म्हणून शस्त्रक्रिया करता आली. फार उशीर झाला असता तर मोठं आतडं ताणून ताणून कायमचं सैल पडलं असतं, असं म्हणाले.

पिल्लाला कधी गाडीचा धक्का लागला असेल आणि नंतर शी अडायला लागली, तर एक्स-रे काढून घ्या.

---

बकुळा | शनिवार, रात्री ८.३०

मी एरंडेल सुचवलं होतं. सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आमच्याकडे बरीच पिल्लं जायची, आई म्हणायची मांजराची पिल्लं जगतात किती. आज वाटतंय, त्यातली काही जगली असती. माझा प्रतिसाद तसाच राहू दे, खाली निरगुडीताईंचं उत्तर आहे ते लोकांनी वाचावं.

रानजाई, तुझ्या लवंगसाठी गोधडी शिवतेय, जुन्या नऊवारीची. पत्ता निरोपातून कळव.

---

चाफेकळी | सोमवार, सकाळी ९.००

दाणे भिजवून देतेय, वाटी खिडकीजवळ नेली. काल आणि आज, दोन्ही दिवस शी झाली. गोळ्या आहेत अजून, पण जोडलेल्या. वाटीतून पाणी पिताना त्याला पहिल्यांदा पाहिलं.

---

रानजाई | तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.२०

धागा वर काढतेय.

त्या शुक्रवारी डॉक्टरांनी तिघांना तपासलं, जंताचं औषध दिलं. निरगुडीताई त्यांच्याशी फोनवर बोलल्या, दोघांनी मिळून मात्रा ठरवली. दुसऱ्या दिवशी लवंगच्या शीत शेवयांसारखे पांढरे जंत आले, पाच मोजले. त्यानंतर तिने मागे वळून पाहिलं नाही. पहिले चार दिवस रोज आठ-नऊ ग्रॅम, मग चौदा, पंधरा.

आजची वजनं: बुंदी ५७०, जायफळ ५४५, लवंग ४९०. दूध आता दोनदाच, बाकी चिकन उकडून, वाटून, त्याच्याच पाण्यात पातळ करून.

बुटाच्या खोक्याच्या झाकणात वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवल्यात. बुंदी आणि जायफळ दहा दिवसांपासून तिथेच जातात. लवंग जात नव्हती, फडकं दिसलं की येऊन माझ्या हातावर पालथी पडायची. आज दुपारी मी भांडी घासत होते, तेव्हा मुलीने हाक मारली. लवंग झाकणात बसली होती, शेपटी ताठ, पाठीची कमान केलेली. आम्ही दोघी दाराआडून बघत राहिलो. झाल्यावर तिने चारी बाजूंनी पट्ट्या ओढून ते झाकलं, वास घेतला, पुन्हा झाकलं, आणि बकुळाताईंच्या गोधडीवर जाऊन झोपली.